एकाच खड्ड्यातली माती

प्रश्न : मी राहुरी तालुक्यातल्या एका गावची. घरी चार एकर ऊस आणि दोन म्हशी. कृषी पदवी राहुरीच्या विद्यापीठात घेतली आणि गेली पाच वर्षं पुण्यात ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत नोकरी करतेय. जानेवारीत बढती मिळाली, आता हाताखाली आठ जण आहेत. तेव्हापासून पोटात कायम गोळा असतो. साहेबांनी माझ्या आराखड्याचं कौतुक केलं की वाटतं, तो चालला ते जमीन चांगली होती म्हणून. शेतात गेल्यावर ओलीचा पट्टा पाहून फिल्टर तुंबलाय की ड्रिपर, हे मला सांगता येतं. पण उसात वाढलेल्या कुणालाही ते येईल. मीटिंगमध्ये सगळे इंग्रजीत बोलतात, मी गप्प बसते. एक दिवस कुणीतरी दार उघडून म्हणेल, "ही चुकून आत आली," अशी धास्ती वाटते. मैत्रीण म्हणते, याला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात. हा आजार आहे का? आणि आत्मविश्वास यावा म्हणून नेमकं करायचं काय? पुढच्या महिन्यात राहुरीला आमच्या कॉलेजच्या मुलींपुढे बोलायला बोलावलंय. नाही म्हणून कळवू का?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात बऱ्याच शंका एकमेकींत गुंतल्या आहेत, म्हणून त्यांचं ओझं आहे त्याहून जास्त वाटतंय. एकेक दोरा सोडवत जाऊ. आधी नावाचं बघू.

१९७८ मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक लेख लिहिला. त्याआधी त्या दीडशेहून जास्त स्त्रियांशी बोलल्या होत्या. कुणी डॉक्टरेट मिळवलेल्या, कुणी आपल्या क्षेत्रात नाव कमावलेल्या, कुणी वर्गात हुशार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या. तरी त्यांच्या मनात तुमच्यासारखीच धास्ती होती : आपण खरं तर हुशार नाही, लोकांचा गैरसमज झालाय, आणि तो एक दिवस उघडा पडणार. स्वतः क्लान्स शिकत होत्या तेव्हा त्यांनाही याच भीतीनं घेरलं होतं. या दोघींनी 'सिंड्रोम' हा शब्द वापरला नव्हता. त्यांचा शब्द होता 'फिनॉमिनन', म्हणजे माणसांच्या बाबतीत घडताना दिसणारी एक गोष्ट. 'सिंड्रोम' हे शेपूट पुढे बोलता बोलता चिकटलं आणि ऐकणाऱ्याला ते रोगाचं नाव वाटू लागलं. डॉक्टर ज्या अधिकृत याद्या वापरतात, त्यांत मानसिक आजार म्हणून याची नोंद नाही. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नाही, हा आजार नाही. ही विचार करण्याची एक सवय आहे, आणि ती त्रासदायक आहे, हे मात्र खरं.

'इम्पोस्टर'ला मराठीत चोख शब्द आहे : तोतया. या शब्दामागे आपल्याकडे एक खरा माणूसही उभा आहे. १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले, पण ते खरंच गेले का, याची कुजबुज बरीच वर्षं चालू राहिली. तिचा फायदा घेऊन एक जण "मीच भाऊ" म्हणत पुढे आला. त्याच्याभोवती माणसं जमली, कोकणात मोठं बंड माजलं आणि शेवटी १७७६ मध्ये त्याला पकडून देहदंड दिला गेला. या माणसाची अडचण काय होती बघा. त्याचा दावा मोठा होता, पुरावा मात्र काहीच नव्हता. म्हणून त्याला खुणा जमवाव्या लागल्या, ओळख पटवणारी माणसं उभी करावी लागली. तुमच्याकडे पदवी आहे, पाच वर्षांची कामं आहेत, त्या कामांवर चाललेली शेतं आहेत. एवढा पुरावा हातात असून तुम्ही दावाच करायला तयार नाही. तोतया खोटे दाखले गोळा करतो आणि तुम्ही खरे दाखले टाकून देताय. तुमच्या भीतीचं नाव तोतयावरून पडलंय खरं, पण तुमची चाल त्याच्या बरोब्बर उलटी आहे.

इथेच आणखी एक गैरसमज दूर करू. बरेच जण याला न्यूनगंड म्हणतात. दोन्ही भावना शेजारी राहतात, पण त्यांचं घर एक नाही. न्यूनगंड असलेल्याला वाटतं, मी इतरांपेक्षा कमी आहे. त्याला यश मिळायची गरज नसते. काही न करताही तो तसं मानत बसतो. तुम्हाला होतंय ते यश मिळाल्यावर सुरू होतं. लोक चांगलं म्हणतात आणि त्या चांगल्याचीच भीती वाटते. म्हणून तर तुमचा त्रास बढतीनंतर वाढला. घरातल्या मोठ्यांना हे कळत नाही. "आता तर साहेबीण झालीस, आता कसलं टेन्शन?" असं ते विचारतात. त्यांची चूक नाही. त्यांच्या हिशेबात बढती म्हणजे काळजी संपली. या सवयीच्या हिशेबात मात्र बढती म्हणजे उंची वाढली, आणि पडलो तर जास्त लागणार.

ही सवय टिकते कशी, ते बघू. समजा सोमवारी तुम्हाला नव्या आराखड्याचं सादरीकरण करायचंय. काम अंगावर आलं की धाकधूक सुरू होते. मग माणूस दोनपैकी एक वाट धरतो. एक तर गरजेपेक्षा तिप्पट तयारी करतो, शनिवार-रविवार घालवतो, रात्री दोनला आकडे पुन्हा जुळवून बघतो. नाहीतर हातच लावत नाही आणि शेवटच्या रात्री घाईघाईनं उरकतो. सोमवारी काम नीट पार पडतं, कारण तुम्हाला ते येत असतं. पण आता निकाल कसा लावला जातो? जास्त तयारी केलेली म्हणते, "एवढी राबले म्हणून निभावलं, हुशारीनं नव्हे." घाईत उरकलेली म्हणते, "नशीब, कुणाच्या लक्षात आलं नाही." वाट कोणतीही असो, यश तुमच्या खात्यावर जमा होत नाही. पुढच्या सोमवारी खातं पुन्हा शून्यावर. पाच वर्षं काम करून आत्मविश्वास का आला नाही, असं तुम्हाला वाटत असेल. तो येत होता, पण दर वेळी दारातूनच परत जात होता.

आता एक पाहिलेली गोष्ट सांगतो. तुम्हीही त्यातून गेला असाल. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झालं आणि पश्चिम व उत्तर महाराष्ट्राचे दहा जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी मुली कृषीकन्या म्हणून आणि मुलं कृषीदूत म्हणून गावात जाऊन राहतात. काही वर्षांपूर्वी मुळा धरणाच्या कालव्याजवळच्या एका वस्तीवर मी अशाच चार कृषीकन्यांचं प्रात्यक्षिक पाहत उभा होतो. पावसानं उघडीप दिली होती. विषय होता मातीचा नमुना कसा घ्यायचा. समोर दहा-बारा शेतकरी, त्यातल्या निम्म्यांचं वय त्या मुलींच्या आजोबांएवढं.

बोलणारी मुलगी बारीक अंगाची होती. हातातलं खुरपं तिनं इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. तिनं इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घेतला, आतली माती टाकून दिली, मग खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घमेल्यात घेतली. पुढे नागमोडी चालत रानातल्या आणखी आठ-दहा जागांहून तशीच माती आणली. गोणपाटावर ढीग करून मिसळली, ढिगाचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन काढून टाकले. उरलेल्याचे पुन्हा चार. शेवटी अर्धा किलो राहिली तेव्हा ती पिशवीत भरली. मग तिनं विचारलं, "नमुना कुठून घ्यायचा नाही, सांगा बरं?" कुणी बोललं नाही. तिनंच सांगितलं : बांधाजवळून नाही, विहिरीजवळून नाही, झाडाखालून नाही, शेणखताचा ढीग असतो तिथून नाही, जनावरं बांधतो तिथून नाही, पाणी साचतं तिथून नाही. "तिथली माती घेतली तर अहवाल येईल, पण तो तुमच्या रानाचा नसेल."

तुमचं पत्र वाचताना मला हेच आठवलं. तुम्ही स्वतःचा नमुना काढलाय, पण सगळा एकाच खड्ड्यातून. मीटिंगमध्ये गप्प बसलात ती दहा मिनिटं, इंग्रजी शब्द अडला तो क्षण, रात्री दोनची धाकधूक. पाणी साचतं ती जागा. माती तिथलीच आहे, खोटी नाही. पण पाच वर्षांच्या शेतभेटी, तुम्ही शोधून दिलेले बिघाड, ज्यांनी पुन्हा फोन करून तुम्हालाच बोलावलं ते शेतकरी, यांतून एक मूठसुद्धा घमेल्यात आली नाही. दुसऱ्यांचा नमुना तुम्ही कुठून घेता, तेही बघा. मीटिंगमध्ये फाडफाड बोलणारा सहकारी तुम्हाला दिसतो तो त्याच्या शेणखताच्या ढिगाजवळ. त्याचं पाणी साचतं ती जागा त्यानं घरी ठेवलेली असते. आपल्या रानातली पाणथळ जागा आणि शेजाऱ्याच्या रानातली खतावलेली जागा यांची तुलना केली, तर कुणाचंही रान नापीक ठरेल.

नमुना बिघडायचं आणखी एक कारण तुमच्या पत्रात आहे आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. "उसात वाढलेल्या कुणालाही ते येईल," असं तुम्ही लिहिता. नाही येत हो. उसात वाढलेले कितीतरी जण तुंबलेल्या लाइनीजवळ उभे राहून पंपाला दोष देतात. जे लहानपणापासून पाहत आलो, जे आईवडिलांच्या मागे फिरता फिरता हाताला लागलं, ते आपल्याला ज्ञान वाटतच नाही. घाम गाळून, पुस्तक फोडून, परीक्षा देऊन मिळवलं तेवढंच आपण शिकलेलं मानतो.

याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. देशी वाणांची पारख त्या घरात आणि रानात शिकल्या, बियाणं जपलं, वाटलं, बियाण्यांची बँक उभी केली. २०१८ मध्ये बीबीसीनं जगभरातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आज लोक त्यांना बीजमाता म्हणून ओळखतात. तुमच्याकडे तर घरची नजर आणि विद्यापीठाची पदवी, दोन्ही आहेत. ओलीच्या पट्ट्यावरून बिघाड ओळखणं ही कला पुण्याच्या ऑफिसात बसून कुणाला येणार नाही. कंपनीनं बढती दिली ती कदाचित याच्याचसाठी. हे साहेबांना विचारून बघा. कसं विचारायचं ते पुढे सांगतो.

आता थोडं थांबू, कारण सगळा दोष तुमच्याच डोक्यावर ठेवला तर तो अन्याय होईल. माणसाला आपण परके आहोत असं वाटतं ते पुष्कळदा त्याला तसं वागवलं जातं म्हणून. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांचं उदाहरण घ्या. मुंबई विद्यापीठात उत्तम गुण मिळवून त्यांनी १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संचालक होते सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून नकार आला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिलं वर्षभर नियमित विद्यार्थिनी मानणार नाही, काम पाहून ठरवू. वर्षानंतर रामन यांची खात्री पटली आणि त्या संस्थेचं दार पुढच्या मुलींसाठीही उघडलं. १९३९ मध्ये कमलाबाईंनी केंब्रिजमधून डॉक्टरेट मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. अटींच्या त्या पहिल्या वर्षात त्यांच्या मनात कधी शंका आली असेल तर ती त्यांच्या मनात उगवलेली नव्हती. ती बाहेरून पेरलेली होती.

आज अशा अटी कुणी कागदावर लिहीत नाही, पण तोंडी चालू असतात. "कोट्यातून आलाय ना?" हे वाक्य आपल्याकडच्या वसतिगृहांत आणि कचेऱ्यांत किती सहज फेकलं जातं! ते ऐकलेला मुलगा पुढे कितीही चांगलं काम करो, आत कुठेतरी जागा अडवून बसल्याची टोचणी राहते. त्याला आत्मविश्वासाच्या शिबिराला पाठवणं म्हणजे दगड मारणाऱ्याला मोकळं सोडून लागलेल्याला पट्टी बांधणं. गावाकडचा उच्चार, मराठी माध्यम, खोलीत एकटीच बाई असणं, यांचंही तसंच. म्हणून धास्ती वाटली की एक प्रश्न स्वतःला विचारा : हे मला वाटतंय, की मला कुणी वाटायला लावतंय? तुमच्या मीटिंगमध्ये तुम्ही बोलायला लागल्यावर कुणी मध्येच तोडत असेल, तुमची कल्पना दुसऱ्याच्या नावावर जात असेल, तर त्याचं औषध तुमच्या मनात शोधू नका. ते साहेबांपाशी बोलायचं प्रकरण आहे.

इंग्रजीचं आणखी वेगळं. ती ना मनाची सवय, ना कुणाचा अन्याय. ती फक्त एक उणीव आहे, आणि उणीव भरून काढता येते. तुमच्या कामात लागणारे इंग्रजी शब्द फार तर दोन-अडीचशे असतील. त्यातले बरेचसे, लॅटरल, ड्रिपर, प्रेशर, डिस्चार्ज, तुम्ही रोज मराठीतच वापरता. उरलेल्यांची वही करा. इंग्रजी कच्चं असणं आणि आपण फसवे असणं, या दोन गोष्टी तुम्ही एकाच गाठीत बांधल्या आहेत. गाठ सोडली की पहिली गोष्ट सहा महिन्यांचा अभ्यास उरते आणि दुसरी उरतच नाही.

हे फक्त बायकांना होतं, असंही समजू नका. सुरुवातीचा अभ्यास स्त्रियांवर झाला म्हणून तो समज पसरला. २०२० मध्ये ६२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यांत मिळून चौदा हजारांवर माणसं होती. पुरुषांमध्येही ही भावना सर्रास आढळली. किती टक्के लोकांना ती असते, याचं उत्तर कुठे ९ टक्के तर कुठे ८२ टक्के असं आलं, कारण प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. तेव्हा "इतके टक्के लोकांना होतं" असा एकच ठाम आकडा कुणी सांगितला तर तो सांभाळून घ्या.

आता उपाय. आधी काय करू नका, ते सांगतो. आरशासमोर उभं राहून "मी सर्वोत्तम आहे" म्हणू नका. ज्याला आपण खोटे आहोत अशी भीती आहे, त्याला स्वतःलाही न पटणारं वाक्य रोज म्हणायला लावलं तर भीती वाढेल. "येत नसलं तरी येतंय असं दाखवत राहा, हळूहळू जमेल," हा सल्लाही तुम्हाला कुणीतरी दिला असेल. इतरांना तो चालत असेलही. तुम्हाला तो देणं म्हणजे तुम्हाला खरोखरच तोतया व्हायला सांगणं आहे. तो घेऊ नका.

आत्मविश्वास आधी आणि काम मागून, असं आपण धरून चालतो. क्रम बहुधा उलटा असतो. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये 'हे मला जमेल' ही खात्री कुठून येते, ते मांडलं. सगळ्यात मोठा झरा म्हणजे स्वतः करून पाहिलेलं काम. त्यानंतर आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणं. मग भरवशाच्या माणसाचा शब्द, आणि शेवटी शरीराची अवस्था, म्हणजे छातीतल्या धडधडीला आपण काय समजतो ते. तुम्ही कृषी विस्ताराचा विषय शिकलात, तुम्हाला हे नवं नाही. शेतकरी माहितीपत्रक वाचून वाण बदलत नाही. शेजारच्या रानात पीक उभं पाहिलं की बदलतो, आणि स्वतःच्या दोन गुंठ्यांत करून पाहिल्यावर कायमचा बदलतो. माणसाच्या मनाचंही तेच आहे.

तुमच्या बाबतीत पहिला झरा वाहतोय, फक्त पाणी पाटातच मुरतंय. म्हणून एक वही घाला. रोज नको, आठवड्याला एक पान. एक काम लिहायचं आणि त्याखाली चार ओळी : मी नेमकं काय केलं, कुणाची मदत झाली, नशिबाचा भाग किती होता, आणि माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर काय वेगळं झालं असतं. नशिबाची ओळ मुद्दाम ठेवलीय. ती गाळली तर वही खोटी वाटेल आणि आठ दिवसांत बंद पडेल. नशीब असतंच, जमीन चांगली होती, मान्य. पण त्या चांगल्या जमिनीत उताराच्या दिशेनं लॅटरल टाकायच्या की आडव्या, हे नशिबानं ठरवलं नाही. तीन महिन्यांनी बारा पानं होतील. बारा जागांहून आणलेली माती झाली ती.

कौतुक झालं की "छे, काहीच नाही, जमीनच चांगली होती" हे उत्तर थांबवा. तो विनय वाटतो, पण समोरच्याची पारख चुकली असं आपण त्याला तोंडावर सांगत असतो. त्याऐवजी धन्यवाद म्हणा आणि एक प्रश्न विचारा : "यातलं नेमकं काय उपयोगी पडलं?" उत्तर मिळेल ते तपशिलाचं असेल. "छान काम" हे मनाला फेटाळता येतं. "तुम्ही दोन ठिकाणी व्हॉल्व्ह वाढवलात म्हणून खालच्या भागाला पाणी पुरलं" हे फेटाळता येत नाही, कारण व्हॉल्व्ह रानात दिसतो. बढती का दिली, हेही साहेबांना असंच विचारायचं : "या जागेसाठी माझं कोणतं काम पाहिलंत?"

तयारीला कुंपण घाला. सादरीकरण दोनदा म्हणून पाहायचं, तिसऱ्यांदा नाही. पहिल्या वेळी जीव घाबरेल. पण दोनदाच तयारी करूनही सोमवार नीट गेला, की "तिप्पट राबले म्हणून निभावलं" ही पळवाट बंद होते. हे छोट्या मीटिंगपासून सुरू करा, मोठ्या मीटिंगपासून नको. आणि मीटिंगमध्ये पहिल्या पाच-सात मिनिटांत एक तरी प्रश्न विचारा, मराठीत विचारलात तरी चालेल. जितका वेळ गप्प बसाल तितकं पहिलं वाक्य जड होत जातं.

"काही येत नसेल आणि कुणी विचारलं तर?" या भीतीवर पुन्हा त्या वस्तीवर जाऊ. प्रात्यक्षिक संपल्यावर पांढरी टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "पोरी, माझ्या उसाला हुमणी लागतीय अन् बांधापलीकडं भावाच्या उसाला नाही. असं का?" मुलगी थबकली. बाकीच्या तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आता काहीतरी ठोकून देणार. तिनं वही काढली आणि म्हणाली, "मला नेमकं माहीत नाही बाबा. विचारून गुरुवारी सांगते." गुरुवारी ती आली. आधी त्याच्या बांधावर गेली आणि तिथली दोन जुनी बाभळीची झाडं बघितली. मग सांगितलं : वळवाचा पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, संध्याकाळी बाभूळ, बोर, कडुनिंब अशा झाडांवर जमतात, पाला खातात आणि आसपासच्या जमिनीत अंडी घालतात. पुढच्या वळवाला रात्री ही झाडं हलवून भुंगेरे गोळा करा. म्हाताऱ्यानं विचारलं ते एवढंच : "पुढच्या वर्षी आठवण करायला येशील का?"

गुरुवारी आली, याला महत्त्व आहे. माहीत नाही म्हणणं धाडसाचं, पण त्यावर विश्वास बसतो तो सांगितलेल्या दिवशी परत आल्यावर. हाताखालच्या आठ जणांनाही तुमच्याकडून हेच हवंय. सगळं येणारी मॅनेजर त्यांनी कधी पाहिलेली नाही आणि त्यांना तशी अपेक्षाही नाही. २०२२ मध्ये बसिमा ट्युफिक या संशोधिकेनं दाखवलं की ज्यांच्या मनात अशा शंका जास्त येतात, त्यांना इतर लोक माणसं सांभाळण्यात जास्त चांगले समजतात, कारण ते समोरच्याकडे जास्त लक्ष देतात. याचा अर्थ शंका जपून ठेवा असा नाही. तुमच्या शंकेमुळे तुमच्या लोकांचं काही बिघडत नाहीये, एवढंच तुम्ही मनात धरलंत तरी पुष्कळ.

एक गोष्ट मात्र थोपवून धरू नका. झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल, जेवण जात नसेल, कामावर जायच्या विचारानं श्वास कोंडत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मग ही सवय एकटी राहिलेली नाही. डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेली मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

राहिलं कॉलेजचं आमंत्रण. जा. कारणही सांगतो. २०११ मध्ये ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या एका नामवंत कॉलेजात नव्या विद्यार्थ्यांना तासाभराच्या बैठकीत वरच्या वर्गातल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले : आम्हालाही सुरुवातीला इथे परकं वाटलं, मग हळूहळू ते गेलं. नंतर त्यांना स्वतःचा अनुभव पुढच्या मुलांसाठी लिहायला सांगितलं. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि गोऱ्या मुलांशी असलेली तफावत निम्म्यानं कमी झाली. तासाभराचं काम, पण जे फक्त आपल्याला होतंय असं वाटत होतं, ते सगळ्यांना होतं आणि जातं, हे कळायला तेवढा तास पुरला.

राहुरीच्या त्या वर्गात बसलेल्या मुली कुठून आलेल्या असतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. कुणी नंदुरबारची, कुणी सांगोल्याची, कुणी तुमच्याच शेजारच्या गावची. त्यांच्यासमोर यशाच्या पायऱ्या सांगू नका. पुण्यातल्या पहिल्या महिन्यात कोणता शब्द कळला नाही, कुठे गप्प बसलात, फिल्टर पहिल्यांदा एकटीनं उघडला तेव्हा कपडे कसे चिखलानं भरले, ते सांगा. वहीतली चार-पाच पानं तोवर झालेली असतील, ती बरोबर न्या. आणि जमलं तर मागच्या बाकावर, भिंतीला टेकून बसलेल्या मुलीला तुमचा फोन नंबर द्या. ती स्वतःहून मागणार नाही.